टाळ्यांचा प्रायोजक

बेसबॉलचे नियम मला आजही नीट सांगता येणार नाहीत, पण बेसबॉलच्या मैदानावरचा मोठा स्क्रीन मी डोळे मिटून चालवू शकेन. इराकचं युद्ध चालू होतं त्या वर्षांत मी शिकागोच्या पश्चिमेला नोकरी करत होते. आमची कंपनी स्टेडियममध्ये व्हिडिओ स्क्रीन बसवायची आणि ते चालवायचं सॉफ्टवेअरही आमचंच असायचं. एका उन्हाळ्यात एका छोट्या प्रोफेशनल क्लबने स्क्रीनबरोबर माणूसही मागितला, आणि नागपूरहून आलेली, आयुष्यात फक्त क्रिकेट पाहिलेली मी त्यांच्या कंट्रोल रूममध्ये जाऊन बसले. पहिल्या आठवड्यात बटणं शोधण्यातच वेळ जायचा. महिन्याभरात शो डायरेक्टर बाईंचं हेडसेटमधलं वाक्य पूर्ण व्हायच्या आत माझं बटण दाबून झालेलं असायचं.

बेसबॉलचा खेळ सारखा थांबतो. त्या फटीत लोकांना काहीतरी दाखवावं लागतं. पिझ्झावाल्याची लहान मुलांची शर्यत असायची, बँकेची ‘लकी सीट’ असायची, कारच्या डीलरचं एक कोडं असायचं. प्रत्येकाच्या खाली, स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात, पैसे देणाऱ्याचं नाव झळकायचं. नाव किती वेळ दिसलं पाहिजे यावरून भांडणंही व्हायची.

नऊपैकी तिसऱ्या इनिंगनंतर मात्र वातावरण बदलायचं. पहिल्या रांगेत युनिफॉर्ममधला एक सैनिक उभा राहायचा. निवेदक त्याचं नाव, गाव आणि तो कुठल्या मोहिमेवरून परत आला ते सांगायचा. बिअरचे ग्लास खाली ठेवून अख्खं मैदान उठून टाळ्या वाजवायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही उठले आणि माझा पुढचा क्यू, म्हणजे बटण दाबायचा इशारा, चुकता चुकता राहिला. माझे मामा फौजेत होते. ते सुट्टीवर यायचे तेव्हा त्यांना घ्यायला एसटी स्टँडवर एकटे आजोबा जायचे, ट्रंक लादायला सायकल घेऊन. इथे हजारो अनोळखी माणसं एका पोरासाठी उभी राहत होती. मला या देशाचं तेव्हा फार कौतुक वाटलं.

त्या वेळी कोपऱ्यात कुणाचंच नाव नसायचं. क्लब हे आपणहून करतो असं मी धरून चालले होते.

पुढच्या सीझनमध्ये एका सामन्याला पावसाने उशीर झाला आणि कार्यक्रम छाटावा लागला. मी सैनिकाचा भाग काढला आणि पिझ्झा ठेवला, कारण पिझ्झाचे पैसे येतात. बाई हेडसेटमध्ये ओरडल्या, “तो नाही काढायचा! तो पेड आहे.”

“सैनिकाचा? कोण पे करतं?”

“राखीव सैन्याचं भरती ऑफिस. सगळा सीझन त्यांनी घेतलाय. पिझ्झा काढ.”

मी पिझ्झा काढला. सामना संपल्यावर केबल गुंडाळताना मी विचारलं, “मग त्यांचं नाव का नसतं खाली?”

“नाव टाकलं तर लोक उभे राहतील का?” बाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. पंचवीस वर्षं हेच काम करत होत्या आणि लोक कशाने उठतात, कशाने बसतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

घरी जाताना मी त्यावर बराच विचार केला. सैन्याने जाहिरात करायला माझी हरकत नव्हती. माणसं हवी असतील तर सांगावं लागणारच. पण तो सरकारचा पैसा होता, म्हणजे त्या खुर्च्यांवर बसलेल्यांचाच, आणि दर पगारातून टॅक्स भरणाऱ्या माझाही. लोकांच्या पैशाने लोकांना उठवायचं आणि ते क्लबचं मोठं मन म्हणून खपवायचं, हे मला पटेना. पिझ्झावाला निदान आपलं नाव तरी सांगत होता.

मी तेव्हा शिकागोजवळच्या नेपरव्हिलला एका मराठी कुटुंबाच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते. काका रिटायर्ड इंजिनिअर, काकू लायब्ररीत पार्टटाइम जायच्या. दोघं सत्तरच्या दशकात आलेले. एकच मुलगी, इथेच जन्मलेली. ती राखीव सैन्यात मेडिक, म्हणजे जखमींवर पहिले उपचार करणारी होती आणि त्या वर्षी इराकमध्ये होती. सैन्यात नाव घातल्याचं तिने घरी सांगितलं त्या दिवशी काका म्हणाले होते, “ह्यासाठी आलो का आपण या देशात?” तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद होतं. तिचा फोन आला की काका टीव्हीचा आवाज घालवायचे आणि सोफ्यावर तसेच बसून राहायचे. काकू मुद्दाम तिची वाक्यं मोठ्याने परत म्हणायच्या, “हो का? तिकडे पण कांदेपोहे केलेस?” काका सगळं ऐकायचे, पण फोन हातात घ्यायचे नाहीत.

जुलैमध्ये तिला रजा मिळाली. पुढच्या बुधवारी येतेय असं तिने फोनवर सांगितलं आणि काकूंनी घर डोक्यावर घेतलं. चकलीची भाजणी भाजायला काढली. गुरुवारी सकाळी मी ऑफिसला निघाले तेव्हा तो खमंग वास बेसमेंटच्या जिन्यापर्यंत आला होता.

त्याच गुरुवारी क्लबमध्ये आठवड्याची मीटिंग होती.

“शनिवारी मोठं आहे,” बाई म्हणाल्या. “रियुनियन! मुलगी सैनिक आहे, रजेवर आलीय, आईवडिलांना पत्ता नाही. आपण त्यांना पहिल्या रांगेत बसवायचं. स्क्रीनवर मुलीचा मेसेज दाखवायचा, जणू ती अजून तिकडेच आहे. आणि मग आपल्या क्लबच्या मॅस्कॉटच्या, त्या अस्वलाच्या मागून ती बाहेर येणार. आईवर एक कॅमेरा, वडिलांवर एक.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “फॅमिली इंडियन आहे. निवेदकाला आडनाव कसं म्हणायचं ते तू शिकव.”

त्यांनी आडनाव कसंबसं उच्चारलं. ते आमच्या दारातल्या मेलबॉक्सवर होतं.

“मी यांच्याच घरात राहते,” मी म्हटलं.

“परफेक्ट! मग तिकिटं तूच दे. ऑफिसमधून फ्री मिळाली म्हण.”

“मुलगी आत्ता कुठे आहे?”

“सकाळीच उतरली. हायवेजवळच्या हॉटेलात ठेवलंय. शनिवारपर्यंत तिथेच राहील.”

मी खुर्चीत सरळ बसले. त्या मुलीला युद्धातून जेमतेम दोन आठवड्यांची सुट्टी होती. रजा संपली की परत तिकडेच जायचं होतं. तिची आई पंधरा मिनिटांवरच्या स्वयंपाकघरात भाजणी भाजत होती आणि मुलगी हॉटेलात बंद होती, कारण आमच्याकडे शनिवारी एक जागा भरायची होती.

“मी लंच ब्रेकमध्ये तिला भेटायला जातेय,” मी म्हणाले. “तिला घरी जायचं असेल तर मी सोडीन.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “मग शनिवारी मी काय दाखवू? त्यांनी ह्याचे पैसे दिलेत.”

“पैसे सैनिक दाखवायचे दिलेत. आईला फसवायचे नाहीत दिले.”

“मी तुझ्या मॅनेजरला फोन करेन.”

“करा,” मी म्हटलं.

मी व्हिसावर होते. नोकरी गेली तर देश सोडावा लागतो हे माझ्यासारख्या प्रत्येकाच्या डोक्यात चोवीस तास असतं. त्या दिवशीही होतं. पण त्या खोलीत तो स्क्रीन माझ्याइतका कुणाला चालवता येत नव्हता, हेही मला माहीत होतं, आणि बाईंनाही.

हॉटेलच्या खोलीचं दार तिने उघडलं तेव्हा मी क्षणभर गोंधळले. घरातल्या फोटोत लांब वेणी होती. समोर उन्हाने रापलेली, केस घट्ट मागे बांधलेली मुलगी उभी होती. टी-शर्ट आणि युनिफॉर्मची पँट, हातात चिप्सचं पाकीट. फोनवर आम्ही बरेचदा बोललो होतो, त्यामुळे आवाज ओळखून तिने मला मिठीच मारली.

“ताई! तू कशी काय इथे? आईला कळलं?”

“नाही. मीच ते स्क्रीनचं काम करते. मला आत्ता कळलं.”

ती पलंगावर बसली. “भरती ऑफिसच्या सार्जंटचा ईमेल आला होता. सरप्राइज करू म्हणाला, म्हणून मी घरी बुधवार सांगितला. मला क्यूट वाटलं, यार. मग सकाळी इथे आले, रूममध्ये बसले, आणि... आय डोन्ट नो. घर इतकं जवळ आहे.” चिप्सचं पाकीट तिने बाजूला ठेवलं. “बाबा येणारेत का मॅचला?”

“मी बोलावलं तर येतील.”

“आणि मग सगळ्या लोकांसमोर त्यांना मला हग करावं लागेल.”

“कॅमेरा त्यांच्यावरच असेल,” मी म्हटलं.

तिने मान हलवली. “दॅट्स नॉट फेअर. त्यांना रागावायचं असेल तर रागवू दे ना. घरी.”

तिने कपडे बॅगेत भरायला घेतले. मी काहीच सुचवलं नव्हतं.

गाडीत मी तिला सांगितलं की हा कार्यक्रम पेड असतो. ती मोठ्याने हसली. “सीरियसली? हायस्कूलमध्ये आमचा सगळा ग्रुप एका मॅचला गेला होता. तिकडे एक लेडी मेडिक होती फिल्डवर. सगळे उभे राहिले. मला वाटलं, वाव, एवढी रिस्पेक्ट. मी त्याच महिन्यात रिक्रूटरशी बोलले. ती पण ॲड होती?”

“माहीत नाही. असेल किंवा नसेलही.”

“वेल, ॲड चांगली होती.” ती खिडकीतून मक्याची शेतं बघत होती. शेतं संपून दुकानं सुरू झाल्यावर म्हणाली, “पण ताई, तिकडे मी ज्यांना सांभाळलं ते लोक खरे आहेत. ते ॲडमुळे खोटे नाही होत. फक्त लपवू नका. लिहा ना खाली, कुणी पैसे दिले ते. लपवलं की मला चीप वाटतं.”

घरासमोर गाडी उभी केली. बेल तिनेच वाजवली. काकू आत असताना दार नेहमी काकूच उघडायच्या, पण त्यांचे हात भाजणीत होते, म्हणून काका आले. हातात पेपर, चष्मा कपाळावर. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. चष्मा खाली ओढला. तिने बूट काढायला सुरुवात केली, लहानपणापासूनची सवय असणार, आणि खाली वाकलेली असतानाच काकांनी विचारलं, “जेवलीस का?”

“नाही, बाबा.”

काकांनी तिची बॅग उचलली आणि एका बाजूला झुकले. “केवढं वजन आहे गं हे. हे घेऊन पळतेस तू?”

“त्याहून जास्त.”

“हं,” काका म्हणाले. त्यांनी बॅग खाली ठेवली नाही, तशीच एका हातात धरली आणि दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून “कोण आहे हो?” असं म्हणत काकू बाहेर आल्या. मी तिथून निघाले आणि बाजूच्या दाराने बेसमेंटमध्ये गेले. वरून रडण्याचा, हसण्याचा आणि मग भांड्यांचा आवाज येत राहिला. मी फ्रीजमधला दहीभात खाल्ला आणि परत कामाला गेले.

माझ्या मॅनेजरला फोन आला होता. त्याने मला विचारलं, मी जे झालं ते सांगितलं, आणि तो एवढंच म्हणाला की शनिवारचा शो नीट झाला पाहिजे. मी म्हटलं, होईल.

शुक्रवारी सकाळी मी बाईंसमोर बसले. भरती ऑफिसचा सार्जंटही आला होता, तिशीतला, गोल चेहऱ्याचा, हातात क्लबचीच कॉफी. मी सांगितलं, “काल रात्री मी घरी विचारलं. मुलगी यायला तयार आहे. आईवडील पण येतील. खोटा मेसेज नाही, अस्वल नाही. तिघं चालत मैदानात येतील. आणि खाली प्रायोजकाचं नाव असेल, पिझ्झाला असतं तसंच.”

“नाव टाकलं तर सगळं मरतं,” बाई म्हणाल्या. “तू आत्ता कुठे दोन सीझन केलेस. मी पंचवीस वर्षं लोकांना बघतेय.” त्या सार्जंटकडे वळल्या. “तुम्हीच सांगा हिला. तुम्हाला तरी चालेल का?”

सार्जंटने कॉफी खाली ठेवली. “आम्ही कधी म्हटलं नाव नको? मला तर वरून सारखं विचारतात, आपलं नाव दिसतं का नाही. मला वाटायचं, तुमच्याकडे जागा नसेल.”

बाईंच्या चेहऱ्यावर काय आलं ते सांगणं कठीण आहे. त्या म्हणाल्या, “मला वाटलं, तुम्हालाच ते शोभणार नाही.”

“आणि ते हॉटेल माझ्याच डोक्यातून आलं होतं,” सार्जंट मला म्हणाला. “काल रात्री माझ्या आईला सांगितलं. ती म्हणाली, मला असं केलं असतंस तर तुला घरात घेतलं नसतं.”

बाई हसल्या, मग आम्ही सगळेच. मी उठून लगेच अक्षरं बनवायला घेतली. ‘तुमच्या टॅक्समधून’ असं लिहायचा मोह मला झाला होता. पण मी पिझ्झाचंच वाक्य घेतलं, तीच अक्षरं, तोच आकार, आणि फक्त नाव बदललं. तेवढं पुरेसं होतं.

शनिवारी ऊन कडक होतं. काकू मोरपंखी साडी आणि पांढरे स्पोर्ट शूज घालून आल्या. काकांनी टाय बांधला होता, त्या गर्दीत तो एकच टाय असावा. निवेदकाकडून मी आडनाव इतक्या वेळा म्हणून घेतलं होतं की त्याने ते अगदी आपल्याकडच्या मास्तरांसारखं म्हटलं. तिसऱ्या इनिंगनंतर तिघं गवतावर चालत आले. मुलगी मध्ये, युनिफॉर्ममध्ये. काका तिच्या पावलाशी पाऊल जुळवायचा प्रयत्न करत होते आणि ते जमत नव्हतं. मी कॅमेरा लांबूनच ठेवला, तिघं एकत्र दिसतील असा. बाईंनी वडिलांचा क्लोजअप मागितला नाही.

खाली कोपऱ्यात नाव होतं, स्पष्ट आणि वाचता येईल एवढं मोठं.

लोक उभे राहिले. सगळे नाही. नेहमी उठायचे त्यापेक्षा थोडे कमी असतील, आणि काही जण स्क्रीनकडे बोट दाखवून एकमेकांशी बोलत होते. पण जे उठले ते चांगलं दणक्यात उठले. हेडसेटमध्ये बाई म्हणाल्या, “ठीक आहे. ठीक आहे. पुढचा क्यू.” दोन सीझनमध्ये त्यांच्याकडून मिळालेलं ते सगळ्यात मोठं सर्टिफिकेट.

सामना संपल्यावर मी त्यांना शोधत खाली गेले, तर जिन्याजवळ टोपी घातलेला एक धिप्पाड माणूस काकांशी बोलत होता. त्याने आधी मुलीशी हात मिळवला, आभार मानले, मग काकांना विचारलं, “सर, ते खाली लिहिलं होतं ते खरं का? सैन्य ह्याचे पैसे देतं? म्हणजे आपलेच?”

“हो,” काका म्हणाले. “मी तीस वर्षं टॅक्स भरतोय. त्यामुळे आज थोडे मी पण दिलेत.”

तो माणूस मान हलवत म्हणाला, “मला वाटायचं क्लब करतो.” तो रागावला नव्हता. विचार करत होता, आणि विचार करतच पार्किंगकडे गेला. मला तेवढंच हवं होतं.

मुलगी परत गेली त्या दिवशी विमानतळावर काका तिला सोडायला गेले, आणि नंतर फोन वाजला की तो उचलायला काकूंच्या आधी पोचायला लागले. हिवाळ्यात, रस्त्यावर बर्फाचे ढीग असताना, ती सुखरूप आली. पुढे तिने नर्सिंग केलं.

उरलेला सीझन ते नाव कोपऱ्यात राहिलं. पुढच्या वर्षी भरती ऑफिसने तिसऱ्या इनिंगनंतरचा भाग घेतला नाही. क्लबने मग तो स्वतःच्या खर्चाने चालवला, महिन्यातून एकदा, आणि त्यात सैनिकांबरोबर शाळेच्या बसची ड्रायव्हर, फायर ब्रिगेडवाला, असेही लोक येऊ लागले. ती कल्पना बाईंची. भरती ऑफिसने गेटजवळ तंबू ठोकला, पुल-अप्सचा बार लावला आणि वर मोठ्या अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. जास्त पुल-अप्स काढणाऱ्याला टोपी मिळायची. हायस्कूलची मुलं रांग लावून लटकत असायची आणि सार्जंट त्यांना हसून हसून चिडवायचा. कुणाला माहिती हवी असली तर तो खुर्ची ओढून बसायचा, आणि त्यांचे आईवडील बरोबर असले तर त्यांनाही बसवायचा.

एका दुपारी सामना सुरू व्हायच्या आधी मी तिथे गेले. बॅग त्याच्या टेबलावर ठेवली आणि बारला लटकले. निम्म्यापर्यंत गेले असेन.

“व्हिसावर असाल तर भरती करता येत नाही, मॅम,” सार्जंट म्हणाला.

“भरती कुणाला व्हायचंय? मला टोपी हवीय. वर कंट्रोल रूममध्ये काचेतून ऊन येतं.”

त्याने खोक्यातून एक काढून दिली. ती घालून मी जिना चढले आणि हेडसेट लावला.